जावईबापूंचं वजन

आमच्या अग्निशमन केंद्रात मी सव्वीस वर्षं भांडार सांभाळलं. पाइप, जोडण्या, शिड्या, हेल्मेटं, गमबूट, दोर, वायूचे सिलिंडर सगळं माझ्या ताब्यात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा म्हणून मला सगळे किल्लेदार म्हणत. घंटा झाली की बाकीचे गाडीकडे पळायचे आणि मी काय काय गेलं त्याची यादी करत आत बसायचो. आगीशी माझा संबंध एवढाच. तेव्हा पुढच्या गोष्टीत माझं शौर्य शोधू नका. माझा वाटा तिच्यात आहे, तो योग्य ठिकाणी सांगेन.

गोष्ट मास्तरांची आहे. मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. बाविसाव्या वर्षी भरती झाले, सोळा वर्षं आगीत गेले, आणि एका लाकडी जिन्याची पायरी जळून गेलेली असताना तिच्यावर पाय ठेवला म्हणून खाली आले. उजवा गुडघा कायमचा गेला. तेव्हाच्या वरिष्ठांनी त्यांना टेलिफोनच्या खोलीत बसवायचं ठरवलं होतं. मास्तर म्हणाले, "फोन कुणीही उचलेल. मला सरावाचं मैदान द्या." मैदान दिलं. मैदानात तीन मजली सिमेंटचा मनोरा होता, खिडक्यांना तावदानं नाहीत, जिन्याला कठडा नाही. त्या मनोऱ्याखाली पुढची एकोणीस वर्षं हे गृहस्थ गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ घेऊन लंगडत उभे राहिले.

ते यायच्या आधी आमची सकाळची कवायत म्हणजे हजेरी, दोन उड्या आणि चहा. मास्तरांनी चहा शेवटी नेला. पाइप जोडायचा तो डोळ्यांवर पट्टी बांधून. गाठ मारायची ती जाड हातमोजे घालून. धुरात शिरलं की उजवा हात भिंतीवरून उचलायचा नाही, दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू लावून ते तापलंय का बघायचं, आत गेलं की पायऱ्या मोजायच्या. एकच गोष्ट दोनशे वेळा. कुणी कुरकुरला तर म्हणायचे, "हाताला शिकव. आगीत डोकं जागेवर राहत नाही, हात राहतो."

आणि हात खरंच शिकले, हे मला मान्य करायलाच हवं. पूर्वी गाडी थांबल्यापासून पाण्याची धार सुरू व्हायला दीड मिनिट लागायचं, ते पस्तीस सेकंदांवर आलं. भाजून परतणारे कमी झाले. स्वतः मास्तर तर घरातही न्हाणीघराचं दार आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून उघडायचे. मास्तरीणबाई आतून ओरडायच्या, "अहो, आंघोळ करतेय, जळत नाहीये!"

मास्तरीणबाई शिवणकाम करायच्या. केंद्राच्या मागच्या वसाहतीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती आणि दाराशीच शिलाई मशीन. आमच्या जवानांचे फाटलेले कोट, पट्टे, पिशव्या सगळं त्यांच्याकडे जायचं. जावईबापूही त्यांच्याकडेच जायचे.

जावईबापू म्हणजे सुटकेच्या सरावाचा पुतळा. जाड ताडपत्रीचा, माणसाएवढा, आत वाळू भरलेला, अंगावर जुना कोट. मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्याला निजवायचं, खोलीत धूर सोडायचा आणि दोघांनी शिरून त्याला शोधून खाली मैदानातल्या पांढऱ्या रेषेपर्यंत आणायचं. स्वतः काडीचं काम करत नाही, सगळ्यांनी मिळून उचलून न्यावं लागतं आणि वर जपावंही लागतं, म्हणून जावईबापू. नाव पहिल्या तुकडीने ठेवलं, ते चिकटलं. माझ्या नोंदवहीत तो 'सराव पुतळा, नग एक, वजन पंचाहत्तर किलो' असा होता.

जावईबापू आले त्याच वर्षी मास्तरांनी भांडाराच्या भिंतीवर एक काळा फळा लावला. त्यावर दरवर्षीचा जावईबापूंना खाली आणण्याचा सर्वांत कमी वेळ, पांढऱ्या रंगाने. नऊ वर्षांत नऊ आकडे. पहिल्या वर्षी एक मिनिट बत्तीस. मग एक वीस. मग एक आठ. दरसाल आकडा उतरत गेला आणि मास्तरांची मान थोडी थोडी वर होत गेली. बाहेरून कुणी वरिष्ठ आले की साहेब त्यांना आधी फळ्यासमोर उभं करायचे. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. शेवटचा आकडा होता अठ्ठेचाळीस सेकंद, आणि तो काढणारी जोडी होती लांबा आणि गोट्या.

लांबा सहा फूट दोन इंच. दारातून जाताना वाकायची त्याला इतकी सवय, की मोकळ्या मैदानातही जरा वाकूनच चालायचा. गोट्या त्याच्या खांद्याला लागायचा, पण पाय खांबासारखे. लांबा भरती झाला तेव्हा दोराची साधी गाठ सुटायची. मास्तरांनी सहा महिने त्याला दुपारच्या सुट्टीतही सोडलं नाही. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. कधी बोलले नाहीत, पण लांबा वर गेला की घड्याळाकडे बघायचं सोडून मनोऱ्याच्या खिडकीकडे बघत राहायचे, हे मी माझ्या दारातून पाहिलेलं आहे.

आता आग. मे महिन्यातली दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना, खाली यंत्रं, वर दोन मजले माल आणि कचेरी. कामगार सगळे बाहेर पडले. व्यवस्थापकही पडला होता, पण वर कुणी राहिलंय का बघायला परत गेला आणि आला नाही. लांबा आणि गोट्या पाठीवर हवेच्या टाक्या लावून आत शिरले. उजवा हात भिंतीवर, पायऱ्या मोजत. दुसऱ्या मजल्यावर, जिथे स्वतःचा हात दिसत नव्हता, तिथे पन्नास सेकंदांत त्यांनी तो माणूस शोधला. कचेरीच्या दाराआड बेशुद्ध पडला होता, श्वास चालू होता. इथपर्यंत सगळं मास्तरांनी शिकवलं तसं झालं.

साहेबांनी खालून वायरलेसवर विचारलं, "दुसरी जोडी वर पाठवू का?"

लांबा म्हणाला, "नको साहेब. माणूस मिळालाय. आम्ही दोघं मिनिटाभरात खाली आणतो."

साहेबांच्या डोळ्यांसमोर फळ्यावरचा अठ्ठेचाळीसचा आकडा होता. त्यांनी दुसरी जोडी कारखान्याच्या मागे पाठवली, शेजारची इमारत वाचवायला. लांबाने काखेत हात घातले, गोट्याने पाय धरले, आणि दोघांनी नेहमीसारखा जोर लावला. माणूस जमिनीवरून जेमतेम हलला. पुन्हा लावला. ओढत ओढत जिन्याच्या वळणापर्यंत आणला आणि तिथे अडकले. वळण अरुंद, माणूस निसटतोय, हातात धड येत नाही, आणि लांबाच्या टाकीची शिट्टी वाजायला लागली. हवा संपत आली की ती वाजते. लांबाने मदत मागितली तेव्हा दुसरी जोडी मागच्या गल्लीत शिडीवर होती. ती खाली उतरून, वळसा घालून, आत येईपर्यंत चार मिनिटं गेली. व्यवस्थापक बाहेर आला तेव्हा जिवंत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात वारला.

चौकशी लागली. बाहेरून एक वरिष्ठ अधिकारी बाई आल्या. त्यांनी माझी नोंदवही मागवली, फळा पाहिला, हवेच्या टाक्यांचे आकडे पाहिले. आठवडाभराने साहेब माझ्याकडे येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लांबाचं कठीण आहे."

"का?"

"हिशेब सरळ आहे ना. पंचाहत्तर किलोचा पुतळा हा अठ्ठेचाळीस सेकंदांत मजल्यावरून खाली आणतो. व्यवस्थापक होता चौऱ्याण्णवचा. एकोणीस किलो जास्त. तेवढ्याने चार मिनिटं जिन्यात अडकतात? मॅडमचं म्हणणं, वजनाने नाही अडकला, गळपटला. धीर सुटला. असा माणूस आत पाठवायचा नाही. टेलिफोनच्या खोलीत बसवा म्हणतात."

मला खरंच तसंच वाटत होतं. वाईट एवढंच वाटलं, की माणूस इतका उंच आणि धीर इतका थोडा.

सर्वांत वाईट म्हणजे लांबालाही ते पटलं होतं. तो ड्यूटी नसतानाही सकाळी यायचा. मनोऱ्यावर जायचा, जावईबापूंना एकटाच खांद्यावर टाकून खाली आणायचा, रेषेवर ठेवायचा, परत वर. गोट्या त्याला थांबवायला गेला तर म्हणाला, "तू बाजूला हो." एकदा मास्तर तिथे होते. मी पाइप वाळत घालत होतो, मला सगळं ऐकू आलं.

"बघा मास्तर," लांबा धापा टाकत म्हणाला. "हा उचलतो. आत्ताही उचलला. एकट्याने. मग तिथे काय झालं माझ्या हाताला? हातच गेले. तुम्ही म्हणता हात जागेवर राहतो. माझा नाही राहिला."

लांबा निघून गेल्यावर बराच वेळ मास्तर रेषेवर पडलेल्या जावईबापूंकडे बघत उभे होते. मग खाली वाकले, पुतळ्याच्या काखेत हात घातले आणि उचलून पाहिला. मोडक्या गुडघ्याचा, छप्पन्न वर्षांचा माणूस. पुतळा वर आला. मास्तरांनी तो तसाच धरला आणि लंगडत माझ्या दाराशी आणला.

"किल्लेदार, काट्यावर घे."

माझ्या दाराशी वजनाचा काटा आहे. वायूचे सिलिंडर गळतात का ते नुसतं बघून कळत नाही. दर सहा महिन्यांनी वजन करायचं, कमी भरला तर गळतोय. सव्वीस वर्षांत मी एकही सिलिंडर चुकवला नाही. शंभर ग्रॅम कमी भरला तरी परत पाठवतो, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा ताठाही होता. जावईबापूंची जागा त्या काट्यापासून चार पावलांवर.

काटा एकोणपन्नासवर थांबला.

मी म्हटलं, काटा बिघडलाय. एक भरलेला सिलिंडर ठेवला, बरोबर दाखवला. पुन्हा जावईबापू. एकोणपन्नास.

आता मला वाळू आठवली. रोज सकाळच्या सरावानंतर जावईबापूंना जागेवर ठेवलं की त्यांच्या बुडाशी ओंजळभर वाळू असायची. मी ती झाडून काढायचो. मैदानातून बुटांना लागून येते, असं मी नऊ वर्षं समजत होतो. आणि दर वर्षअखेरीला नोंदवही नवी करताना जुन्या पानावरून उतरवायचो, सराव पुतळा, नग एक, वजन पंचाहत्तर. इथे माझा वाटा. काटा माझा, वही माझी, झाडूही माझा.

"सव्वीस किलो वाळू गेली कुठे?" मी उगाच विचारलं.

"गेली जिन्यावर," मास्तर म्हणाले. "सिमेंटवर घासून शिवण उसवायची, मी हिला शिवायला द्यायचो. मग हातपाय लुळे पडायला लागले. वाळू मागवायची तर तीन सह्या. मी म्हटलं, जुन्या कोटांच्या चिंध्या भर, आकार राहू दे. दरवर्षी थोड्या चिंध्या." ते सिलिंडरच्या पेटीवर बसले आणि गुडघा चोळायला लागले. "उचलून वर नेताना कळायचं रे हाताला. पण फळ्यावर आकडा उतरलेला बघितला की बरं वाटायचं. म्हणायचो, पोरं तयार होतायत."

तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांत खरी माणसं उचलताना कुणाला कसं कळलं नाही? उचललीच नाहीत. आमच्या भागातल्या आगीत माणसं आपल्या पायांनी बाहेर येतात. नऊ वर्षांत दोनदा उचलायची वेळ आली, एकदा सात वर्षांची मुलगी आणि एकदा काडीसारखी म्हातारी.

मला त्या क्षणी जे सुचलं ते सांगून टाकतो. लपवून आता काय मिळणार? मी दार लोटलं आणि म्हटलं, "मास्तर, मागच्या अंगणात आगीवर टाकायच्या वाळूची पोती आहेत. उद्या अकराला चौकशीची शेवटची बैठक. अर्ध्या तासाचं काम. भरून टाकू. कुणाला कळणार नाही."

मास्तर नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते आणि आयुष्यात दाखवण्यासारखं काय, तर तो फळा. मला वाटतं, त्या वेळी ते हो म्हणायच्या फार जवळ होते. म्हणाले, "शिवायला ती लागेल."

आम्ही दोघांनी जावईबापूंना हातगाडीवर घातलं आणि वसाहतीत गेलो. मास्तरीणबाई मशीनवर होत्या. मास्तरांनी त्यांना एकोणपन्नासचा आकडा सांगितला. त्यांनी मशीन थांबवलं.

"मी काय म्हणत होते?" त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी म्हटलं, जावई अंगाने उतरलाय. तुम्ही काय म्हणालात? रोज व्यायाम करतो. हसलात आणि चहा मागितलात."

"हो, हसलो," मास्तर म्हणाले.

"आता काय करायचंय?"

मग मीच सांगितलं, वाळूचं आणि अर्ध्या तासाचं. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग सुईत ओवलेला दोरा काढला, रिळाला गुंडाळला आणि सुई मास्तरांपुढे धरली.

"भरायचा असेल तर भरा. शिवा तुम्ही. तुम्हाला गाठी येतात सगळ्या," त्या म्हणाल्या. "तो काल इथे येऊन बसला होता, लांबा. माझ्यासमोर हात पुढे करून म्हणाला, काकू, हे हात कापतात का बघा. मी त्याचे हात धरून बघितले. नाही कापत. आता याच्यावर मी टाका घातला तर माझे कापतील."

मास्तरांनी सुई घेतली नाही. मला म्हणाले, "किल्लेदार, तू जा. गाडी राहू दे."

मी घरी गेलो आणि जेवलो नाही. नोकरीची भीती वाटत होती, हे खरं आहे. लांबाचं वाईटही वाटत होतं, पण भीती जास्त होती.

दुसऱ्या दिवशी अकराला वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आम्ही बसलो होतो. टेबलापलीकडे अधिकारी मॅडम आणि साहेब, अलीकडे लांबा आणि गोट्या, भिंतीशी मी, मांडीवर नोंदवही. गेलेल्या व्यवस्थापकाची मोठी बहीण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. इस्पितळात परिचारिका होत्या त्या, ड्यूटी संपवून तशाच आलेल्या. मास्तरांची खुर्ची रिकामी. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि निष्कर्ष वाचायला घेतला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक जड, एक फरफटलेलं, एक जड, एक फरफटलेलं. आम्ही सगळे तो आवाज ओळखत होतो, पण इतका सावकाश कधी ऐकला नव्हता. दारात मास्तर आले. खांद्यावर जावईबापू. चेहरा घामाने निथळत होता आणि उजवा पाय थरथरत होता. त्यांनी पुतळा टेबलावर, मॅडमच्या कागदांवरच ठेवला.

"हे काय?" साहेब उठले.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "माझा गुडघा मोडलेला आहे. अठरा वर्षांपूर्वीचं डॉक्टरांचं पत्र आहे, वीस किलोच्या वर उचलायचं नाही. वहीत हा पंचाहत्तर किलोचा आहे. मी एकटा याला बत्तीस पायऱ्या चढवून आणलाय. तुमचा विश्वास बसतो का?"

मॅडम हुशार होत्या. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, मास्तरांच्या पायाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. "याचं वजन शेवटचं कधी केलं?"

मी उभा राहिलो. वही उघडली, मिटली. "कधीच नाही," मी म्हटलं. "मागच्या पानावरून उतरवतो."

सगळे खाली भांडारात आले. काट्याने पुन्हा एकोणपन्नास दाखवले. मग व्यवस्थापकाची बहीण पुढे आली आणि वाकून काट्याचा आकडा वाचला.

"माझा भाऊ चौऱ्याण्णव किलोचा होता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "कारखान्यातली माणसं त्याला चिडवायची, जिन्यात साहेब चढत असले की आपण थांबायचं. तीसच्या तीस माणसं फाटकापाशी उभी होती. कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. इस्पितळात आम्ही बेशुद्ध माणूस हलवायच्या आधी बघतो, केवढा आहे. मग हात लावतो. तुमच्यात नाही विचारत?"

साहेब बुटांकडे बघत होते. आमच्यात खरंच विचारत नसत. जावईबापूंबद्दल काय विचारायचं? ते रोज तेच, त्याच जागी, तेवढेच.

मास्तर लांबासमोर उभे राहिले. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या हाताला मी एकोणपन्नास शिकवलं. हात तेच समजून गेला. तू गळपटला नाहीस. चूक माझी आहे."

मला वाटलं होतं लांबा रडेल, नाहीतर मास्तरांच्या पाया पडेल. तसलं काही झालं नाही. तो पुतळ्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"साहेबांनी विचारलं होतं, दुसरी जोडी पाठवू का," तो म्हणाला. "मी नको म्हटलं, मास्तर. नको म्हटलं! मला वाटलं, मिनिटाभराचं काम आहे." मग तो व्यवस्थापकाच्या बहिणीकडे वळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलता वाकून दाराबाहेर गेला. ते दार सात फुटांचं आहे.

निष्कर्ष बदलला. लांबा कामावर राहिला. मास्तरांना आणि मला लेखी ठपका मिळाला, साहेबांची बदली झाली. लांबा सात आठवडे मास्तरांशी बोलला नाही. सरावाला यायचा, सांगितलं ते करायचा, चहाला थांबायचा नाही. मास्तरांनीही समजूत काढायला जायचा मूर्खपणा केला नाही. त्यांनी एका दुपारी ब्लेड घेऊन फळ्यावरचे नऊच्या नऊ आकडे खरवडून काढले. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले.

मग त्यांनी जावईबापूंना उसवलं. चिंध्या काढल्या, तीन सह्या घेऊन वाळू आणली, ताडपत्रीला आतून दुसरं अस्तर घातलं. शिवण मास्तरीणबाईंनी घातली, दुहेरी. वजन मी केलं. किती भरायची, हे मास्तरांनी आधीच ठरवलं होतं.

पुतळा तयार झाल्यावरच्या पहिल्या सकाळी मास्तरांनी मला मनोऱ्याच्या दाराशी उभं केलं. म्हणाले, "आजपासून सरावात तू घरचा माणूस. दाराशी उभा राहायचं. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प."

शिट्टी झाली. लांबा आणि गोट्या टाक्या लावून धावत आले. घड्याळ चालू झालं. मला वाटलं सवयीने सरळ आत घुसतील. गोट्या घुसतच होता. लांबाने त्याला मागून पट्ट्याला धरून थांबवलं आणि माझ्यासमोर आला. मुखवट्याच्या काचेमागे त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं. "अंगाने केवढा?"

तोवरच्या नोकरीत मला आगीच्या दाराशी कुणी काही विचारलं नव्हतं. "चौऱ्याण्णव किलो," मी म्हटलं. "आज सकाळीच वजन केलंय."

लांबाने वायरलेस तोंडाशी नेला. "दुसरी जोडी पाठवा," तो म्हणाला आणि आत गेला.

चौघांनी जावईबापूंना खाली आणलं. वळणावर दोनदा टेकवलं, हात बदलले, एकमेकांना शिव्या दिल्या, आणि रेषेवर ठेवून चौघंही जमिनीवर बसले. लांबाने मुखवटा काढला. मास्तरांकडे बघून, सात आठवड्यांनी पहिल्यांदा, तो बोलला.

"किती झाले, मास्तर?"

"तीन मिनिटं वीस."

इतका वाईट आकडा आमच्या केंद्रात कधी झाला नव्हता. मास्तर लंगडत भांडारात आले, रंगाची डबी मागितली आणि रिकाम्या फळ्यावर तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. पुढे वजन लिहिलं, चौऱ्याण्णव. त्यांना निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. फळ्यावर त्याखाली पुष्कळ आकडे चढले, पण त्या ओळीला कुणी हात लावलेला नाही.